खेळाडूचे पोशिंदे

पैलवानाला पोसणे हे एका माणसाचे काम कधीच नव्हते. पहाटे उठून जोर-बैठका, त्यानंतर हौद्यात लढत, दुपारी झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत, एवढ्या दिवसात कमाई बसवायला जागा उरत नाही. खर्च मात्र दुप्पट होतो. दूध, तूप, बदाम, थंडाई, मांस, अंडी हे सगळे मिळून जे होते त्याला मराठीत ‘खुराक’ म्हणतात, आणि महाराष्ट्रातल्या खेळाडूंच्या पाठबळाचा इतिहास या एका शब्दापासून सुरू होतो. खुराक कोणी द्यायचा, राहायला कुठे मिळायचे, शिकवणारा वस्ताद कोण, आणि अंग थकल्यावर पोट कशावर भरायचे, या चार प्रश्नांना वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या पोशिंद्यांनी उत्तरे दिली. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे बऱ्यापैकी मिळत गेली. चौथा प्रश्न फार उशिरापर्यंत कोणी विचारलाच नाही.

पेशवाईत मल्ल दरबारच्या पदरी असत. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी मल्लखांबाची विद्या पुन्हा उभी केली आणि खुद्द पेशव्यांना व्यायाम शिकवला, हे त्या आश्रयाचे ठळक उदाहरण. पुढे इंग्रजी अमलात दरबार गेले तरी संस्थाने राहिली, आणि मल्लविद्या तिथे आसऱ्याला आली. बडोद्यात सयाजीरावांच्या राज्यात प्रोफेसर माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणले. मिरज-सांगलीकडच्या संस्थानिकांनीही तालमी राखल्या. पण या सगळ्यांत कोल्हापूरचे शाहू महाराज वेगळे उठून दिसतात. त्यांनी आश्रयाला व्यवस्थेचे रूप दिले.

शाहू १८९४ मध्ये गादीवर आले. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी ते युरोपात गेले, तेव्हा रोमचे जुने प्रेक्षागार त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर कोल्हापुरात खासबागचे मैदान बांधायला घेतले. १९१२ मध्ये ते पुरे झाले. वाटीसारखे खोल, मध्ये लाल मातीचा हौदा आणि चहूबाजूंनी चढत जाणारी बैठक, त्यामुळे मागच्या माणसालाही कुस्ती दिसते. पहिल्या मोठ्या कुस्तीला पंजाबचा इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन असे जोड होते. उत्तरेतले नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले, त्यांच्याशी लढून इथली पोरे तयार झाली. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी या तालमींची नावे आजही पैलवानांच्या तोंडी आहेत ती त्या काळापासून. दरबारातून मल्लांना खुराक बांधून दिलेला असे. मैदान, तालीम, वस्ताद आणि खुराक एकाच हातातून मिळत असल्यामुळे गरीब घरातला मुलगाही केवळ अंगाच्या जोरावर पैलवान होऊ शकत होता.

तालमीचा दिवस जवळून पाहिला तर ही व्यवस्था किती बारकाईची होती ते कळते. हौद्यातली माती साधी नसते. ती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस मुरवतात, म्हणजे अंगाला लागलेली खरचट चिघळत नाही. थंडाईचे बदाम पाट्यावर नव्हे, तर दगडी कुंडीत लाकडी दांड्याने घोटतात, आणि घोटण्याचे काम नव्या पोरांकडे असते. त्यातून त्यांच्या मनगटाची मेहनतही होते. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी आणून समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची रीत अजून चालू आहे. घरचे तूप गावाहून एसटीने डब्यात येते. आजच्या भाषेत आहारतज्ज्ञ, फिजिओ आणि वसतिगृह अधीक्षक अशी तीन पदे भरावी लागतील ती कामे तालमीत वस्ताद एकटा सांभाळायचा, आणि पठ्ठ्याने रात्री बाहेर भटकू नये यावर नजर ठेवण्याचे चौथे कामही त्याच्याकडेच.

संस्थानी आश्रयाबाहेर पहिला मोठा प्रयत्न पुण्यात झाला. डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत खेडेगावचे अनवाणी धावपटू पाहून अध्यक्ष सर दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला हिंदुस्थानचा छोटा संघ पाठवण्याचा बराच खर्च त्यांनी उचलला. त्या संघात मॅरेथॉन धावणारे बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. ते एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदेस कांस्यपदकाच्या लढतीपर्यंत पोचले. टाटांच्या मदतीचे स्वरूप मात्र प्रवासखर्चाचे होते. परत आल्यावर त्या खेळाडूंनी काय करावे, ही जबाबदारी कोणाचीच नव्हती.

या पोकळीचा फटका कोणाला किती बसतो, ते खाशाबा जाधव यांच्या आयुष्यात दिसते. कराड तालुक्यातल्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ च्या लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. तिथे ते सहावे आले. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायची वेळ आली तेव्हा महाराजांचा खजिना उरला नव्हता आणि नव्या सरकारकडे खेळाडूसाठी खातेच नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी जमवली. म्हणजे संस्थान बुडाले आणि शासन अजून उभे राहिले नाही, त्या नेमक्या ३ वर्षांच्या फटीत स्वतंत्र भारताचा पहिला वैयक्तिक ऑलिंपिक पदकविजेता सापडला, आणि त्याला एका मास्तरने तारले.

हेलसिंकीतही सोबतच्या माणसाची उणीव नडली. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ कुस्ती झाल्याबरोबर खाशाबांना सोव्हिएत मल्लाशी लढायला उभे करण्यात आले. दोन लढतींमध्ये विश्रांतीचा नियम होता, पण तो बजावून सांगायला भारतीय अधिकारी जवळ नव्हता. खाशाबांनी बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची मैदाने भरवली, स्वतः लढले आणि मिळालेल्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. १९५५ मध्ये ते पोलिसात उपनिरीक्षक झाले. नोकरीचा बहुतेक काळ त्याच पदावर गेला. सहायक आयुक्त झाले ते निवृत्तीच्या तोंडावर. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० सालचा. त्यांचा जन्मदिवस १५ जानेवारी हा राज्य क्रीडा दिन म्हणून पाळायचे महाराष्ट्र शासनाने ठरवले तेव्हा २०२३ साल उजाडले होते.

गावपातळीवरचा पोशिंदा मात्र या सगळ्या काळात बदलला नाही. तो म्हणजे जत्रा. अहिल्यानगर, नाशिक, पुणे या पट्ट्यात यात्रेतल्या कुस्त्यांना ‘हगामा’ म्हणतात. सकाळी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या सुरू होतात, मग नारळाच्या, मग रोख इनामाच्या, आणि दिवस मावळताना शेवटची मानाची. इनाम बहुधा गावकीच्या वर्गणीतले. एका उन्हाळ्यात बरीच मैदाने मारली तर पैलवानाचा वर्षाचा खुराक निघू शकतो, मात्र त्यासाठी गुडघा आणि खांदा शाबूत हवा. दुखापत झालेल्याला हगाम्यात वाटा नसतो. १९६१ पासून महाराष्ट्र केसरी स्पर्धा आली, दिनकर दह्यारी तिचे पहिले मानकरी, आणि इनामाची रक्कम चढत गेली. २०२३ मध्ये पुण्यात गदा जिंकणाऱ्या शिवराज राक्षेला ५ लाख रुपये आणि थार गाडी मिळाली. गाडीचे फोटो चांगले येतात. पैलवानाची गरज मात्र दरमहाची असते, एकरकमी नव्हे.

दरमहाचा प्रश्न ज्याने ओळखला तो पोशिंदा साखर कारखाना. सहकारी कारखान्यांनी, विशेषतः कोल्हापूर जिल्ह्यात, ‘मानधनधारक मल्ल’ ही पद्धत रुजवली. कागलचा शाहू कारखाना, कुंभी-कासारी अशा कारखान्यांनी कार्यक्षेत्रातल्या मुलांच्या वजनगटानुसार स्पर्धा घेऊन निवडलेल्यांना मानधन देण्याची रीत पाडली. वारणानगरला कुस्तीचे मोठे मैदान नावारूपाला आले. ही शाहूंच्या खुराकाचीच सहकारी आवृत्ती म्हणता येईल, फरक इतकाच की आता पैसा उसाच्या टनेजमधून येत होता.

सहकारी कारखाना मुळात ज्या उसावर उभा राहिला तो आला कुठून, हे पाहायचे तर कोल्हापुराऐवजी अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला जावे लागते. प्रवरेवरच्या या धरणाचे काम १९१० मध्ये सुरू झाले आणि १९२६ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. अडवलेले पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत जाते आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहुरी, श्रीरामपूरच्या सपाटीवर पसरते. या पाण्यावर ऊस पिकला, आणि १९५० मध्ये लोणीला विठ्ठलराव विखे पाटील यांनी, धनंजयराव गाडगीळ यांच्या साथीने, सहकारी साखर कारखाना उभा केला. कारखान्यामागून शाळा आल्या, कॉलेजे आली, वसतिगृहे आणि मैदाने आली. खेळात पुढे जाणाऱ्या मुलापुढे शिक्षण की खेळ, असा पेच इथे पडू शकला, कारण दोन्ही दारे उघडी होती. श्रीरामपूरच्या झहीर खानने अभियांत्रिकीची वाट सोडून वयाच्या १७ व्या वर्षी मुंबई गाठली. 

धरणाच्या भिंतीच्या वरच्या अंगाला वेगळे जग आहे. कळसूबाई, रतनगड, घाटघर या परिसरातल्या महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांत पाऊस भरपूर, पण भाताची खाचरे छोटी आणि कालव्याचा लाभ नाही. कारखानाच नाही तिथे मानधन कोण देणार? या डोंगरांत मुलांना चढउताराची सवय जन्मापासून असते. शाळेला, पाण्याला, बाजाराला चालणे हाच सराव. त्याचे खेळात रूपांतर करणारी यंत्रणा म्हणजे शासकीय आश्रमशाळा. राजूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या शाळांतली मुले प्रकल्प, मग विभाग, मग राज्य अशा पायऱ्यांनी स्पर्धा खेळतात. विभागाचे ठिकाण नाशिक.

याच सह्याद्रीच्या रांगेत उत्तरेला, त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत धावली. शाळेसाठी हरसूलला जाणे, अनवाणी धावणे, आणि मग नाशिकला प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्या नजरेस पडणे हा तिचा प्रवास. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये तिने कांस्यपदक मिळवले. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक जिंकणारी ती पहिली भारतीय महिला. त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य आले. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ हे नाव लोकांनी दिले, नोकरी ओएनजीसीने. खेळाडूला सार्वजनिक उपक्रमाने सामावून घेण्याची ही पद्धत रेल्वे, तेल कंपन्या, बँका यांनी देशभर चालवली आहे.

मुंबईत या पद्धतीचा पाया फार आधीच पडला होता. टाइम्स शिल्डच्या कंपनी-कंपन्यांतल्या क्रिकेट सामन्यांसाठी संस्था चांगले खेळाडू नोकरीला घेत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. कबड्डीचेही तसेच. गिरणगावातल्या मैदानांवर तयार झालेला चढाईपटू एखाद्या कंपनीच्या संघात शिरला की घर मार्गी लागायचे. या नोकऱ्यांचा मोठा गुण असा की खेळ संपल्यावरही पगार चालू राही आणि पुढे निवृत्तिवेतनाची आशा असे. अंग थकल्यावर पोट कशावर भरायचे, या चौथ्या प्रश्नाचे त्यातल्या त्यात चांगले उत्तर मुंबईच्या कचेऱ्यांनीच दिले होते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, नंतर उदारीकरणात कंपन्यांनी भरती आवरती घेतली, आणि हे उत्तर दुबळे झाले. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली. लिलावात लाखांच्या बोल्या लागतात हे खरे, पण तो मोजक्या मोसमांचा करार असतो.

शासनाची पावले १९९०च्या दशकात जोर धरू लागली. १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी बालेवाडीला क्रीडानगरी झाली. १९९६ पासून क्रीडा प्रबोधिनी सुरू झाल्या. कोवळ्या वयात निवड, मग निवास, आहार, शाळा आणि सराव एका छताखाली. तालमीची कल्पनाच, फक्त वस्तादाच्या जागी पगारी प्रशिक्षक आणि जोडीला दहावीची परीक्षा. पुण्यात सैन्याने २००१ मध्ये आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट काढली. ग्रामीण मुलांसाठी सैन्य हा आज बहुधा सर्वांत भरवशाचा पोशिंदा आहे. अहिल्यानगरला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला राहून आला, आणि त्यानंतर सैन्याच्या क्रॉसकंट्रीतून स्टीपलचेसकडे वळला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अंतिम फेरीत धावला. भंडारदऱ्याचा आर्थर जलाशय काठावरच्या शेंडी गावापुढे मैलोगणती पसरलेला आहे. पण नाशिक-अहिल्यानगर भागातून ऑलिंपिकमध्ये वल्ही मारणारा दत्तू भोकनळ निघाला तो चांदवड तालुक्यातल्या अवर्षणग्रस्त तळेगाव रोहीचा. पाण्याजवळ त्याला गावाने नव्हे, सैन्याने नेले.

३० एप्रिल २००५ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांमध्ये खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव झाल्या. चांगल्या हेतूच्या या तरतुदीभोवती बनावट प्रमाणपत्रांचा धंदा उभा राहिला, कोणी कधी न पाहिलेल्या खेळांचे विजेते अर्ज करू लागले, आणि १ जुलै २०१६ ला नियम नव्याने कडक करावे लागले. अव्वल खेळाडूंना थेट नेमणूक देण्याची वाटही निघाली. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर अंतिम फेरी गाठणारी पहिली भारतीय महिला, उपजिल्हाधिकारी झाली. मल्ल राहुल आवारे आणि तीन वेळचा महाराष्ट्र केसरी विजय चौधरी पोलिस उपअधीक्षक झाले. खाशाबा उपनिरीक्षकापासून सुरुवात करून जिथे आयुष्याच्या शेवटी पोचले, त्याच्या आसपास आजचा विजेता पहिल्याच दिवशी बसतो. विजय चौधरी यांनी गणवेशात गेल्यावरही लंगोट सोडला नाही. २०२३ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला जागतिक पोलिस स्पर्धेत त्यांनी सुवर्ण जिंकले.

जगात इतरत्र हा विषय नोकरी देण्यापाशी थांबलेला नाही. ऑस्ट्रेलियाने १९८१ मध्ये कॅनबेराला क्रीडासंस्था काढली आणि १९९०च्या दशकात खेळाडूंच्या शिक्षण व व्यवसायासाठी सल्लागार नेमले. ते सरावाच्या वेळापत्रकात कॉलेजचे तास बसवतात, पैशांचे नियोजन शिकवतात, निवृत्तीची तयारी खेळ चालू असतानाच करून घेतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००५ मध्ये अशीच योजना सुरू केली. भारतात प्रकाश पदुकोण आणि गीत सेठी यांनी २००१ मध्ये स्थापलेली ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट, तसेच केंद्राची २०१४ ची टॉप्स योजना, यांनी फिजिओ, क्रीडा मानसशास्त्रज्ञ, परदेशी सराव आणि दरमहा ५०,००० रुपयांपर्यंतचा भत्ता आणला. हा शाहूंचा खुराक आणि वस्तादाची देखरेख यांचा आजचा अवतार. पण त्याचे दार उघडते ते पदकाच्या टप्प्यात आलेल्यांसाठी. राज्य पातळीवर चौथा, पाचवा येणारा मुलगा अजून घरच्या तुपावर आणि हगाम्याच्या इनामावर आहे, आणि आश्रमशाळेतून विभागीय स्पर्धेला गेलेली अकोले तालुक्यातली मुलगी बारावीनंतर कुठे जाते, याची नोंद ठेवण्याचे काम कुठल्याच पदाच्या कर्तव्यसूचीत नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे क्रीडा प्रबोधिनीतून नेमबाज झाला आणि २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये त्याने कांस्यपदक मिळवले. खाशाबांनंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळाले. खाशाबांना हेलसिंकीनंतर नोकरी लागायला ३ वर्षे गेली होती. स्वप्नीलला रेल्वेने विशेष कार्य अधिकारी केल्याची बातमी पदकापाठोपाठ, त्याच आठवड्यात आली.